मदत हवी आहे: वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांचा नमुना कसा निवडू?

एम.ए. समाजशास्त्राचा लघुप्रबंध आहे. विषय: दांडिया बाजार आणि रावपुरा भागातील मराठी कुटुंबांत तीन पिढ्यांची घरातली भाषा. १०० कुटुंबे हवीत, हातात सहा आठवडे, मुलाखती घेणारी मी एकटीच. प्रश्नावली मराठी-गुजराती दोन्हींत आहे, २५ मिनिटे लागतात.

अडलंय ते नमुन्यावर. मराठी घरांची यादीच नाही. मतदार यादीत मातृभाषा नसते. आडनावांवरून निवडून पाहिलं, पण देसाई दोन्हीकडे, आणि मराठी घरात आलेली गुजराती सून किंवा गुजराती घरात गेलेली मराठी मुलगी हमखास चुकते. माझ्या विषयात तर नेमकी तीच महत्त्वाची! मग स्नोबॉल केलं (एकाने पुढच्याचं नाव सुचवायचं, अशी साखळी). एका मंडळापासून सुरुवात केली नि ३४ पैकी २७ जण साठीच्या पुढचे, बहुतेक एकमेकांचे नातेवाईक. गणेशोत्सवाला येणारेच मराठी टिकवणारे असणार, म्हणजे निष्कर्ष आधीच झुकलेला.

आता विचार असा: मतदार यादीतून दर दहावं घर घ्यायचं, दारात एकच चाळणी प्रश्न ("घरात कुणाची मातृभाषा मराठी आहे का?") आणि पिढीनिहाय कोटा (प्रत्येक पिढीतून ठरावीक संख्या). मार्गदर्शक बाईंचं म्हणणं, कोटा लावला की यादृच्छिकता (चिठ्ठी टाकल्यासारखी निवड) गेली, काय-वर्ग चाचणी (आकड्यांत दिसणारा संबंध निव्वळ योगायोग आहे का हे तपासणारी) लावू नकोस.

कोटा कुटुंबाऐवजी कुटुंबातल्या व्यक्तीच्या निवडीला लावला तर चाचणी चालेल का? आणि आधीच्या ३४ मुलाखती वेगळ्या गुणात्मक प्रकरणात वापरू की सोडून देऊ?