कृतज्ञतेची वही लिहावी, की तोच वेळ कुणासाठी खर्च करावा?

आडवाट (धागाकर्ता):
रोज रात्री तीन ओळी आभाराच्या लिहा, असा सल्ला आजकाल उठसूट दिला जातो. माझा त्याला विरोध आहे. ज्यांच्यामुळे आपलं भलं झालं, त्यांच्यापर्यंत त्या वहीतलं अक्षरही पोचत नाही. रोजची दहा मिनिटं म्हणजे महिन्याचे पाच तास. तेवढ्यात एखाद्या मुलाला दर आठवड्याला तासभर वाचायला शिकवता येतं.

संशोधनाचा दाखला देणाऱ्यांनी एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा प्रयोग नीट वाचावा. आभार लिहिणाऱ्यांच्या मनःस्थितीतला फरक मुख्यतः उठून दिसला तो कटकटी लिहून काढणाऱ्या गटाच्या तुलनेत. आठवडाभराची चिडचिड उगाळणाऱ्यांशेजारी कोणीही प्रसन्नच दिसेल!

शाईदौत:
तुलनेबद्दलचा आक्षेप मान्य, निष्कर्ष अमान्य. वही फसते ती 'रोज'मुळे. मानसशास्त्रज्ञ ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. रोज लिहिलं की चौथ्या दिवसापासून 'घर, तब्येत, मित्र' ही यादी गिरवणं सुरू होतं आणि मन त्यातून निघून जातं.

त्यापेक्षा वार ठरवा, एकच प्रसंग घ्या आणि तीन गोष्टी लिहा: कोणी केलं, नेमकं काय केलं, त्यासाठी त्या माणसाला काय बाजूला ठेवावं लागलं. तिसरी ओळ सुचत नसेल तर प्रसंग बदला. खरी कृतज्ञता त्या ओळीतच असते. शिवाय महिन्यातून एकदा त्यांतलं एक पान पत्र म्हणून त्या माणसाला समोर बसून वाचून दाखवा. झालं की पोचतं! मानसशास्त्रज्ञ सेलिगमन यांच्या 2005 च्या अभ्यासात अशा पत्रभेटीचा परिणाम सुरुवातीला सगळ्यात मोठा होता, महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी ओसरला. म्हणजे एकदा वाचून वर्षभराची बेगमी होत नाही.

आडवाट:
समोर बसून पत्र वाचायचं म्हणजे ऐकणाऱ्यावर संकटच की. :)
पण तिसरी ओळ पटली.

गोधडी:
दोघांचं भांडण लिहिणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मनाबद्दल चाललंय. घेणाऱ्याचं काय? उमाळा आला म्हणून केलेली मदत बरेचदा त्याच्या गळ्यात पडते.

रक्तदान घ्या. आपत्तीची बातमी आली की रक्तपेढीच्या दारात रांग लागते. साठवलेल्या तांबड्या पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स साधारण पाचच. दिलेलं सगळं वेळेत वापरलं जाईलच असं नाही. वर त्या रांगेतल्या कोणालाच पुन्हा लगेच देता येत नाही. त्या त्या ठिकाणच्या नियमाप्रमाणे दोन ते चार महिने थांबावं लागतं. म्हणजे आधी पूर, मग दुष्काळ. त्याच माणसांनी तारखा वाटून घेतल्या तर तेवढंच रक्त वर्षभर पुरवून वापरता येतं.

आपत्तीत पाठवलेल्या कपड्यांचं तेच. न धुतलेले, लहानमोठे एकत्र कोंबलेले, एका पायाचा बूट तळाशी आणि दुसरा गायब. असं एक पोतं निवडायला जी माणसं लागतात, ती जेवण वाटपातून काढावी लागतात. द्यायचंच असेल तर आधी विचारा, धुवा, मापाप्रमाणे वेगळं बांधा, पिशवीवर आत काय आहे ते लिहा, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा. हे सगळं जमत नसेल तर सरळ पैसे द्या. त्यात कमीपणा नाही.

खोडरबर:
गोधडी यांना अनुमोदन, फक्त पैशांवर गाडी थांबवू नका. आणि एक राहिलं: मदत करतानाचा फोटो. घेणाऱ्याने हसून आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवली की तो देवाणघेवाणीचा व्यवहार झाला. कृतज्ञता आणि ओशाळलेपण यांत फरक आहे. दुसऱ्यात माणूस तोंड चुकवतो.

शाईदौत:
म्हणून तर म्हणते, आधी वही. आपल्याला कोणाची कोणती मदत टोचली नाही, हे लिहिलेलं असेल तर देताना तोच घाट वापरता येतो.

आडवाट:
बरं, वही आठवड्यातून एकदा, मान्य. माझा विरोध मागे घेतो. पण उरलेल्या वेळाचा हिशेब मी सोडणार नाही. गोधडी, नव्या माणसाने किती वेळ कबूल करावा?

गोधडी:
आठवड्याला दोन तास, तीन महिन्यांपुरते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने दहा तास देणारा चौथ्यात दिसत नाही, आणि त्याच्या भरवशावर आखलेलं काम अडतं. मुलांना शिकवायला जाणार असाल तर हे जास्तच पाळा. मूल वाट बघतं. यायला जमणार नसेल तर दोन दिवस आधी कळवा, आणि जागेवर कोण येणार तेही त्याच निरोपात सांगा.

आडवाट:
बदली माणूसही आपणच शोधायचा?

गोधडी:
हो. नाहीतर तो शोधण्यात दुसऱ्या कोणाचेतरी दोन तास जातात.