पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) कोळसा रेताड जमिनीत टाकला तर बाजरीला फायदा होतो का?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठाला आमची दीड एकराची पट्टी आहे, पूर्ण रेताड, ओली करून मुठीत दाबली तरी गोळा होत नाही, सुटून जाते. खरिपात बाजरी करतो. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की दुपारी पानांच्या सुरळ्या होतात, आणि शेजारच्या काळ्या रानातली बाजरी मात्र हिरवीगार. शेणखत दरवर्षी टाकतो पण दोन वर्षात कुठे जातं तेच कळत नाही. दुसऱ्या रानात कपाशी आहे, बोंडअळीमुळे फरदड (वेचणीनंतर तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक) घेत नाही, डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी उपटतो आणि बांधावर पेटवून देतो. आता ऐकतोय की त्याचाच बायोचार, म्हणजे हवा कमी देऊन जाळून केलेला कोळसा, करून टाकला तर जमीन पाणी धरते. कोणी स्वतः केलंय का? एकरी किती लागतो? आणि राख टाकली तर चालत नाही का?

पाभर:
भाऊ, आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल. मी पहिल्या वर्षी कोळसा केला, कुटला आणि तसाच कोरडा पेरणीच्या आधी आठ दिवस टाकला. बाजरी उगवली बरी पण तीन आठवड्यांनी त्या पट्ट्यातली रोपं पिवळी पडली, बाकीची ठीक. मला वाटलं रोग आहे, फवारणीपण केली. नंतर कळलं की कोरा कोळसा म्हणजे कोरडा स्पंज, जमिनीतलं नत्र तोच धरून बसतो. पुढच्या वर्षी कोळशाच्या दुप्पट शेणखत घेतलं, थरावर थर दिले, वरून गोबरगॅसची स्लरी ओतली आणि गोणपाटाखाली महिनाभर ओलं ठेवलं. तसं टाकल्यावर पिवळेपणा आला नाही. हे केल्याशिवाय एक पाटीसुद्धा शेतात नेऊ नका.

तुराटी:
दादा, राख आणि बायोचार एक नाही. राखेत कर्ब उरतच नाही, फक्त क्षार, ते रेताड जमिनीतून पावसाबरोबर खाली निघून जातात. बायोचारमध्ये कर्ब राहतो आणि त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, पाणी तिथे थांबतं, आणि शेणखतासारखा तो लगेच कुजत नाही, कित्येक दशकं जमिनीत टिकतो.

आम्ही खड्ड्यात करतो, भट्टी विकत घेतली नाही. वर पाच फूट रुंद, खाली निमुळता, अडीच-तीन फूट खोल. काड्या पूर्ण वाळलेल्या हव्यात नाहीतर नुसता धूर. तळाला थोड्या रचून वरून पेटवायच्या, खालून नाही. वरच्या काड्यांवर पांढरी राख दिसायला लागली की लगेच पुढचा थर, म्हणजे जाळ कायम वर राहतो आणि खालच्याला हवा मिळत नाही. शेवटचा थर लाल झाला की भरपूर पाणी. इथे हात आखडला तर सकाळी खड्ड्यात राखच सापडते, आमचा पहिला खड्डा असाच गेला. चांगला कोळसा हातात हलका लागतो, मोडला की कट् आवाज येतो, आतपर्यंत काळा असतो. कुटताना ओलाच कुटा आणि तोंडाला रुमाल बांधा, ती भुकटी छातीत जाते.

सामू८:
वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण एकरी किती हा हिशोब जरा नीट करू. बहुतेक ठिकाणी हेक्टरी 10 टन असा आकडा वाचायला मिळतो, म्हणजे गुंठ्याला साधारण 100 किलो. एक टन वाळक्या काड्यांतून खड्ड्याच्या पद्धतीने 200 ते 250 किलो कोळसा निघतो. म्हणजे एका टनात दोन-अडीच गुंठे! दीड एकर एका वर्षात होणारच नाही, तो नाद सोडा. दरवर्षी थोडा तुकडा घ्या, टाकलेला कुठे जात नाही.

दुसरं म्हणजे आधी माती तपासा. जगभरातल्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास 2017 मध्ये आला होता, त्यात उष्ण प्रदेशात उत्पादन सरासरी 25 टक्के वाढलेलं दिसलं, थंड प्रदेशात जवळपास काहीच नाही. पण तो फायदा मुख्यतः आम्लधर्मी, निकस जमिनींचा. आपल्याकडे बऱ्याच जमिनींचा सामू (pH) आधीच 8 च्या वर, आणि कोळसा स्वतः अल्कधर्मी. तुमचाही तसा निघाला तर गुंठ्याला 30-40 किलोच घ्या, आणि राख मिसळलेला माल अजिबात नको. तुम्हाला पाणी धरायला हवंय, सामू वाढवायला नाही.

तुराटी:
हे मला माहीत नव्हतं, आमच्याकडे चुनखडीचं रान आहे तिथे टाकणार होते, आता थांबते. आमचे आजोबा गावठाणातली पांढरीची माती बैलगाडीने आणून हलक्या रानात टाकायचे, तिच्यात चुलीची राख, कोळसा, उकिरडा सगळं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असायचं. मुरवायचं महत्त्व त्यांना बरोबर कळलं होतं.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज घरी वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले यंदा पऱ्हाटी पेटवायची नाही. असं ठरवलंय की या आठवड्यात मातीचा नमुना द्यायचा, आणि पट्टीत सहा गुंठे आखायचे, दोन तसेच, दोनमध्ये नुसतं शेणखत, दोनमध्ये तेवढंच शेणखत पण कोळसा मुरवलेलं. नाहीतर फरक कोळशाचा की खताचा ते कळणार कसं. कणसं वेगळी खुडून वेगळी वजन करीन. ताई, एकच विचारायचं राहिलं, आमचं रान रेताड, खड्ड्याच्या कडा ढासळतात, आतून मातीचा गिलावा दिला तर जाळात टिकेल का?

तुराटी:
टिकतो दादा, चिकणमातीत भुसा मिसळून लिंपा आणि दोन दिवस वाळू द्या. ओल्या गिलाव्यावर पेटवलंत तर तडे जातील.