मदत हवी आहे: क्रूझसाठी शेंगेन व्हिसा, सिंगल की मल्टिपल एंट्री?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतले, मी, बायको आणि आई. मे महिन्यात अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सात रात्रींची क्रूझ बुक केलीय. जहाज ग्रीसची बेटं करत मध्येच एक दिवस तुर्कस्तानात कुशादासीला थांबतं आणि परत पिरेअसला येतं. घोळ तिथंच आहे. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही, म्हणजे तिथून परत येताना ग्रीसमध्ये दुसरी एंट्री होणार. आमचा एजंट म्हणतो, "सिंगल टाका की, काय होत नाही." मला ते पटत नाही. अर्जात मल्टिपलच मागायची ना? आणि कुशादासीत जहाजावरून उतरायचंच नसेल, तरी तुर्कस्तानचा व्हिसा लागतो का?

दुसरं, आईचा पासपोर्ट जुलैत संपतोय. परतल्यानंतर किमान तीन महिने वैध हवा, म्हणून नूतनीकरणाला टाकलाय. ३०,००० युरोंचा प्रवास विमा घेतोय, ते ठीक आहे.

खरी काळजी व्हिसासाठी द्यायच्या बोटांच्या ठशांची. आईची बोटं भाकरी थापून थापून गुळगुळीत झालीत. रेशनच्या मशीनवर चार-चारदा अंगठा लावावा लागतो, मग ती तो पदराला पुसून परत लावते. ठशांसाठी पुण्याला जायचंय. तिथं उमटलेच नाहीत तर परत पाठवतात का? कुणाच्या घरी असं झालंय का?

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळं अजून वेळ आहे. एजंटची ओळख नको, स्वतः केलेल्यांनीच सांगा.