बोटीला टक्कर झाली तर आधी कोण येतं, नेव्ही की कोस्ट गार्ड?

केळीबाग_सावदा
पोरीच्या शाळेची सहल मुंबईला चाललीय, त्यात घारापुरी पण आहे. सासूबाईंनी घारापुरीला जाताना बुडालेल्या नीलकमल बोटीचे व्हिडिओ बघितलेत, त्या अडून बसल्यात. आमचं पाणी म्हणजे तापी नि हतनूरचं धरण. तिकडे काही झालंच तर मदतीला कोण येतं? नंबर असतो का?

धुळेकर_भो
ताई, तिथे नेव्हीचीच स्पीडबोट येऊन आदळली ना! आता बोला.

नाना_अमळनेर
मी कोस्ट गार्डमधून निवृत्त झालोय, म्हणून लिहितो.

धुळेकर, आदळली हे खरंच. १८ डिसेंबर २०२४, इंजिनाची चाचणी चालू होती, ताबा सुटला. १५ माणसं गेली. पण आधी पोचलं कोण? जवळ होते ते. न्हावा-शेवा बंदराची (जेएनपीए) जहाजांना वाट दाखवणारी पायलट बोट, बंदराची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफच्या गस्ती बोटी. मग नेव्हीच्या ११ बोटी नि ४ हेलिकॉप्टर, सागरी पोलिसांच्या ३, कोस्ट गार्डची १. समुद्रात हद्दीचं भांडण नसतं. शोध आणि बचावाची सूत्रं कोस्ट गार्डकडे. मुंबईत त्यांचं एमआरसीसी, म्हणजे सागरी बचाव समन्वय केंद्र, चोवीस तास चालू असतं आणि जवळ असेल त्याला तिकडे वळवतं, मग ते व्यापारी जहाज का असेना. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, वायरलेसच्या चॅनेल १६ वर हाक देतो. तुमच्यासाठी फोन नंबर १५५४.

पण ताई, मदत येईपर्यंतची मिनिटं लाइफ जाकिटावर निघतात. वरून पाण्यातलं माणूस म्हणजे नारळाएवढं डोकं, लाटेत दिसतच नाही. केशरी जाकीट दिसतं. नुसतं गळ्यात अडकवलेलं जाकीट पाण्यात वर सरकून कानाशी येतं. बोट सुटायच्या आधीच पट्टे आवळून घ्यायचे. शिट्टी असेल तर वरच्या बाजूला ठेवायची. आणि धक्का बसला की सगळे एका कडेला धावतात. तेच करायचं नाही, बोट कलंडते.

धुळेकर_भो
नाना, मोठ्या जहाजांचं पण असंच का? भाचा जहाजावर आहे.

नाना_अमळनेर
तिथे घाई नडते. एकाचं नाक दुसऱ्याच्या कुशीत घुसलं तर लगेच मागे घ्यायचं नाही, तेच नाक भोकाला बूच होऊन बसलेलं असतं. काढलं की पाणी आत. माणसं उतरवली तरी काम संपत नाही, पुढे तेल असतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा नि खलिजिया-३ ही दोन मालवाहू जहाजं एकमेकांवर आदळली. माणसं सुखरूप निघाली, पण कंटेनर तरंगत सुटले, तेल किनाऱ्याला लागलं, मुंबई नि न्हावा-शेवा दोन्ही बंदरांची वाट काही दिवस बंद. ते तेल आवरायचं कामही कोस्ट गार्डचंच.

केळीबाग_सावदा
नाना, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणे, जाऊ द्या पोरीले, पन पट्टा आवळाले सांगा. सरांना अजून काही विचारू का?

नाना_अमळनेर
लहान मापाची जाकिटं आहेत का ते विचारा. मोठ्या माणसाचं जाकीट पोराच्या डोक्यावरून निघून जातं. आणि बोटीत किती जणांची परवानगी आहे तेही. नीलकमलमध्ये ८४ ची होती, बसले होते शंभरावर.