निजामाचं नव्हे, दिल्ली दरबाराचं पदक

वऱ्हाडातल्या एका घरच्या जुन्या पेटीत निघालेल्या पदकामागे फारसी अक्षरं आहेत म्हणून ते निजामाचं असावं, असं एकानं म्हटलंय. नाही हो. पुढे मुकुट घातलेले राजा-राणी डावीकडे पाहत असतील, तर ते १९११ च्या दिल्ली दरबाराचं: ब्रिटिश बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी. चांदीचं, साधारण ३८ मिमी. फीत गडद निळी, मधोमध दोन बारीक लाल पट्टे. फारसीत बादशहाचंच नाव आहे. कडेवर नाव नसलं तरी शंका नको, ही पदकं बिननावाचीच दिली गेली.

आणि कळकळीनं सांगतो, चिंच-राखेनं घासू नका! दारव्ह्याकडच्या आमच्या घरी असंच पदक आजीनं दर दिवाळीला भांड्यांसोबत घासलं. राणीच्या मुकुटाची नक्षी आता बोटाला लागतही नाही. काळी झाक असू द्या, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा.