रेल्वेच्या गावांतल्या प्रथा: तुमचे अनुभव लिहा

दौंडकरीण
काल पुणे स्टेशनात एका इंजिनाला झेंडूच्या माळा घातलेल्या दिसल्या आणि मन थेट दौंडच्या क्वार्टरमध्ये गेलं. खंडेनवमीला विळी, कात्री, आईचं शिवणयंत्र यांच्याबरोबर बाबांची काळी लोखंडी लाइन बॉक्स, म्हणजे ड्यूटीवर न्यायची सामानाची पेटी, पाटावर. तिच्यावर हळदकुंकवाची पाच बोटं. ती न पुसता बाबा गाडीवर जायचे, कडी लावताना बोटं पिवळी व्हायची. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त मात्र कॉल बॉयच्या, म्हणजे ड्यूटीचा निरोप घरी आणणाऱ्याच्या, हातात. तो वही घेऊन दारात आला की बाबांनी सही ठोकायची आणि आरती दोन कडव्यांत गुंडाळायची! तुमच्याकडे काय काय होतं? लिहा.

घाटावरचा
लोणावळा. चिक्कीचं सांगतो. बोरघाटाच्या कामावरचे मजूर गूळदाणी खायचे, त्यातून ती आली म्हणतात. घाट 1863 ला सुरू झाला. ठेकेदार ट्रेडवेल 1859 मध्येच वारला, पुढचं काम बायकोने, अ‍ॅलिसने, तडीस नेलं. पटकीने किती मजूर गेले त्यांची नावं कुठेच नाहीत. आमची आजी घाटातून जाताना बोगद्याआधी खिडकीतून नाणं टाकायची. कोणासाठी, विचारलं की "गप बस" म्हणायची.

नीराकाठ
मिरज लाइन, मीटरगेजचा काळ. पोर्टर वेताचं रिंगण हातात धरून उभा, त्याच्या पिशवीत टोकनचा गोळा (म्हणजे गाडीला पुढच्या टप्प्यात जायची परवानगी), आणि चालत्या गाडीतून फायरमन हात घालून ते उचलणार. आम्ही पोरं सायकलच्या टायरने तेच खेळायचो. ज्याचं सुटलं त्याच्यावर राज्य. कोपर सोलवटल्यावर घरी सांगायचं नाही हा नियम.

विंचू_चावला
आमच्या कॉलनीची खरी यात्रा डिसेंबरात. रेल्वेवाल्यांचा फुकट प्रवासाचा वर्षाचा पास 31 च्या आत काढला नाही तर गेला! त्यामुळे सगळ्यांना एकदमच देव आठवायचे. तिरुपतीला पुढच्या रांगेत शेजारच्या काकू 😂

दौंडकरीण
@विंचू, अगदी! आणि डबा पण त्याच गाडीत, तिखटमिठाच्या पुऱ्या.

सिग्नल_डाउन
बाबांच्या शेवटच्या ड्यूटीला रुळांवर धुक्याचे फटाके (धुक्यात ड्रायव्हरला इशारा द्यायला चाकाखाली वाजणारे) लावले होते. गाडी यार्डात शिरली तशी धडाधड वाजले. हार, पेढे, फोटो. आई मात्र "आता रात्रीचा डबा नाही करायचा" म्हणत खुर्चीत बसून राहिली. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

कोकणस्थ_नाही
रुळांवर फटाके चालतात का हो? नियमात बसतं?

सिग्नल_डाउन
@कोकणस्थ, नियम विचारायला कोणी थांबलं नव्हतं 😀

बेकरीवाली_गल्ली
नाताळ विसरलात? आमच्या दौंडमध्ये इन्स्टिट्यूटला, म्हणजे रेल्वेच्या क्लबात, हाउजी (तंबोला), आणि शेजारच्या आंटीचं केकचं मिश्रण डब्यातून बेकरीत भाजायला मीच नेत असे. वाटेत बोट बुडवायचं. 31 च्या रात्री बाराला यार्डातली सगळी इंजिनं एकदम शिट्टी द्यायची, कुत्री वेडी व्हायची.

नीराकाठ
बेकरी कुठली, चर्चजवळची का? तिथले खारी-बटर अजून तसेच मिळतात का?

बेकरीवाली_गल्ली
भाव विचारू नका, खारी तशीच आहे. परवा येताय का दौंडला?

नीराकाठ
पॅसेंजर वेळेवर असेल तर येतो. नसेल तर रविवारी.