लॅपटॉप सावकाश सुरू होतो आणि सावकाश बंद होतो: आधी निदान, की थेट एसएसडी?

फोंड्याची शिक्षिका

आमच्या शाळेतील शिक्षकांचे बहुतेक लॅपटॉप सहा-सात वर्षांपूर्वीचे आहेत. सकाळी बटण दाबल्यावर ते कामाला लागण्याजोगे होईपर्यंत पहिला तास सुरू झालेला असतो आणि शाळा सुटल्यावर ‘शट डाउन’ म्हटले तरी पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. माझा लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला, तेव्हा तो सुरू करूनही न पाहता फॉरमॅट करण्याचा सल्ला मिळाला. मुलांचे गुण, प्रश्नपत्रिका आणि अनेक वर्षांची टिपणे असलेले यंत्र नेमके कशामुळे रेंगाळते हे न शोधताच कोरे करावे, हे मला पटत नाही, म्हणून हा विषय चर्चेला ठेवते आहे.

माझे म्हणणे असे की सुरू व्हायला होणारा उशीर आणि बंद व्हायला होणारा उशीर या दोन स्वतंत्र तक्रारी मानाव्यात, कारण त्यांची कारणे बहुधा वेगळी असतात. सुरू होण्याचेही टप्पे आहेत. बटण दाबल्यापासून विंडोजचे चक्र दिसेपर्यंतचा वेळ बायोस (विंडोजच्या आधी यंत्र जागे करणारा मूळ प्रोग्राम) घेते. तेथून पासवर्ड विचारला जाईपर्यंतचा वेळ डिस्क आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणारे प्रोग्राम) घेतात. आणि पासवर्ड दिल्यानंतर जो वेळ जातो, तो आपणच कधीतरी बसवलेल्या आणि आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांचा असतो. पहिल्या टप्प्यात यंत्र अडत असेल, तर विंडोज कितीही वेळा नव्याने टाकली तरी काय उपयोग?

हे तपासण्याची साधने विंडोजमध्येच आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ विभागात आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते आणि पुष्कळ यंत्रांवर तेथेच वर ‘लास्ट बायोस टाइम’ सेकंदांत दिलेला असतो. अधिक खोलात जायचे असल्यास इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ या क्रमाने जावे. तेथे १०० क्रमांकाची नोंद सुरू होण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत सांगते आणि २०० क्रमांकाची नोंद बंद होण्यास लागलेला. त्यांच्या पुढच्या क्रमांकांच्या नोंदींत उशीर करणाऱ्या प्रोग्रामाचे किंवा पडद्यामागे चालणाऱ्या सेवेचे नावही सापडते. इतकी माहिती यंत्र स्वतःच लिहून ठेवत असताना अंदाजाने उपचार का करावेत?

म्हापशाचा दुरुस्तीदार

बाई, न पाहता फॉरमॅट सुचवणे चुकीचेच आहे. तरीही सहा-सात वर्षांपूर्वीच्या, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर नोंदी चाळत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण साधे गणित आहे.

लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी असलेली जागा वाचकाच्या (माहिती वाचणाऱ्या टोकाच्या) खाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते आणि वाचकाला त्या वर्तुळापर्यंत सरकण्यासाठी आणखी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या फायली वाचायच्या झाल्या, तर अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणांहून अधिक वाचू शकत नाही. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारा भागच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. आपण स्टार्टअपच्या यादीतून चार-पाच प्रोग्राम काढून जे मिळवाल, त्याच्या कितीतरी पट फरक डिस्क बदलल्याने पडतो. टास्क मॅनेजरमध्ये लॉगिननंतर बराच वेळ डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसला, की मला आणखी निदान नको असते.

फोंड्याची शिक्षिका

शंभर टक्क्यांचा आकडा पाहणे हे निदानच झाले. माझी मागणी तेवढीच आहे: आधी पाहा, मग खर्च सांगा. शिवाय चार जीबी रॅमच्या (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) यंत्रात जागा अपुरी पडली की विंडोज रॅममधील माहितीची पाने डिस्कवर लिहू लागते आणि तेव्हाही डिस्क शंभर टक्क्यांवर दिसते. तेथे दुखणे रॅमचे असते आणि डिस्क केवळ त्याचा भार वाहत असते.

मडगावचा लेखापाल

येथे सगळे सुरू होण्याविषयीच बोलत आहेत, परंतु माझ्या कार्यालयात बंद होण्याची तक्रार मोठी आहे आणि तिच्यामागे बरेचदा ‘फास्ट स्टार्टअप’ हीच सोय असते, असे मला वाटते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्णपणे बंद होत नाही. वापरकर्त्याचे प्रोग्राम मिटवले जातात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती ‘हायबरफिल’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती तशीच उचलता येईल. संथ डिस्कवर हे लिहिण्यात वेळ जातो. त्याहून वाईट म्हणजे एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या स्थितीत असेल, तर तीच स्थिती रोज जपली जाते आणि लोक ‘रोज बंद करतो, तरी यंत्र सुधारत नाही’ असे म्हणत राहतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखालचा ‘अप टाइम’ पाहा: रोज बंद होणाऱ्या लॅपटॉपवर तो कित्येक दिवसांचा दिसेल. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर सर्व मिटवून नव्याने सुरू करते. शिफ्ट कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’ केले तरी पूर्ण बंद होते. माझ्या मते ही सोय कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून कायमची बंद करावी.

म्हापशाचा दुरुस्तीदार

लेखापालसाहेब, एसएसडीवर बंद करा, तेथे तिच्यामुळे वाचणारे सेकंद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. हार्ड डिस्कवर मात्र तीच एक सोय सकाळचा वेळ थोडाफार वाचवते; ती काढल्यास शिक्षकांची मूळ तक्रार वाढेल. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करण्याची सवय लावणे हा अधिक सुज्ञ मार्ग आहे.

आणि बंद होताना यंत्र खरोखर मिनिटामिनिटांनी अडत असेल, तर मी आधी अन्यत्र पाहीन. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवलेले असणे, बंद पडलेल्या प्रिंटरकडे कागद पाठवून ठेवलेला असणे, कार्यालयातील जो संगणक आता चालूच नाही त्याचे फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलेले असणे, ही कारणे मला सर्वाधिक आढळतात.

वास्कोचा नोकरदार

मी लॅपटॉप बंदच करत नाही, झाकण मिटवतो आणि सकाळी उघडतो. आपण सर्व जण ज्याची चर्चा करत आहात, तो प्रश्न त्यामुळे उद्भवतच नाही.

मडगावचा लेखापाल

बॅटरी चांगली असेल तोपर्यंत हे ठीक आहे. ‘स्लीप’मध्ये उघडे काम रॅममध्ये राहते आणि रॅमला वीज लागते. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री वीज जाते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या तासाचीही उरलेली नसते, म्हणून तो चार्जरच्या भरवशावर झोपलेला असतो. सकाळी जतन न केलेला हिशेब गेलेला असतो, आणि असे वारंवार घडल्यास डिस्कवरील फायलींच्या नोंदीही बिघडू शकतात. त्यानंतर सुरू होताना विंडोज डिस्क तपासत बसते आणि उशीर वाढतो तो वेगळाच.

काणकोणचा वाचक

या चर्चेत समुद्रकिनाऱ्याचा विचार कोणी केलेला नाही. आमच्याकडे खारी हवा आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे धातूच्या टोकांवर गंज चढतो. लॅपटॉपच्या आतील जोडण्याही त्यातून सुटत नाहीत. डिस्क आणि मदरबोर्ड (यंत्राची मुख्य फळी) यांच्यातील जोडणी खराब झाली, की पाठवलेली माहिती सदोष पोहोचते आणि ती पुन्हा पाठवावी लागते. यंत्र चालते, पण रडतखडत. अशा यंत्रात नवी एसएसडी त्याच जुन्या जोडणीवर बसवली, तर पैसे जातात आणि दुखणे राहते.

हे ओळखता येते. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रामात ती वाचता येते. त्यातील तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. ०५ ही ओळ खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा मोजते, सी५ ही संशयास्पद जागा मोजते, आणि सी७ ही डिस्क व यंत्र यांच्यातील देवाणघेवाणीत झालेल्या चुका मोजते. पहिल्या दोन वाढत असतील, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे असे समजून त्याच दिवशी माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. केवळ सी७ वाढत असेल, तर आधी केबल आणि जोडणी पाहावी. हा आकडा कमी होत नसतो, म्हणून तो आज किती आहे यापेक्षा आठवड्याभरात वाढला का, हे पाहायचे असते. दुरुस्तीदारबाबांचे गणित बिनचूक आहे, पण आधी डिस्कच्या या तीन ओळी वाचण्यास असे किती मिनिटे लागतात?

म्हापशाचा दुरुस्तीदार

ही तपासणी मी नेहमीच करतो आणि ती प्रत्येक दुकानाने करावी. माझा विरोध इव्हेंट व्ह्यूअरच्या अभ्यासाला आहे, स्मार्टच्या नोंदीला नाही.

सांखळीचा ग्रंथप्रेमी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागते आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकी साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच अधिकृतपणे स्वीकारते. म्हणजे त्याहून जुन्या यंत्रात एसएसडी बसवून वेग मिळेल, पण सुरक्षेची दुरुस्ती फार काळ मिळणार नाही. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकावी, असे माझे मत आहे. निदानाच्या बाबतीतही ती सरस आहे: ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ ही एक आज्ञा दिली, की कोणत्या सेवेने किती वेळ घेतला याची उतरत्या क्रमाने यादी समोर येते. युनिकोड (कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या) मराठी टंकलेखनाची सोयही तीत आहे.

मडगावचा लेखापाल

माझे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फायली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. व्यवसाय बदलल्याखेरीज मला आपला सल्ला मानता येणार नाही. शिवाय बंद होताना अडणे लिनक्सलाही चुकलेले नाही. एखादी सेवा थांबली नाही, तर तेही सामान्यतः ९० सेकंद वाट पाहत बसते.

फोंड्याची शिक्षिका

स्मार्टची नोंद पाहिली. ०५ आणि सी५ शून्य आहेत, सी७ स्थिर आहे, आणि पासवर्ड दिल्यानंतर डिस्क दीर्घकाळ शंभर टक्क्यांवर असते. तेव्हा सकाळच्या उशिरापुरती मी एसएसडीला तयार आहे. मात्र बंद होण्यातील उशीर इव्हेंट व्ह्यूअरमुळेच उलगडला: प्रत्येक वेळी जुन्या प्रिंटरसोबत आलेल्या एकाच सेवेचे नाव तेथे होते. तो प्रिंटर आता शाळेत नाही. दुरुस्तीदारबाब, आपण जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर उतरवून दिली असती, तर ही सेवाही तिच्यासोबत आली असती.

म्हापशाचा दुरुस्तीदार

आली असती, हे खरे. तरी प्रत उतरवणेच मी सुचवीन, कारण कार्यालयांतील सॉफ्टवेअरचे परवाने आणि शिक्षकांच्या मांडणी नव्या विंडोजवर पुन्हा बसवताना होणारा त्रास एक सेवा काढण्यापेक्षा फार मोठा असतो. आपण ती सेवा आधी काढा आणि मग यंत्र आणा. येण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. चालू असल्यास त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, कागदावर उतरवून आणा. जुनी डिस्क पुसू नका, किमान महिनाभर तशीच कपाटात राहू द्या.